वेगळं काढलेलं घराणं

केतकीच्या औषधाची पुस्तिका माझ्या हातात आली तेव्हा मंगळवारचे दुपारचे साडेबारा वाजले होते. पहिला डोस बुधवारी अकराला होता.

"मामा, हे वाच आणि मला चार वाक्यांत सांग," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तासभर सांगितलं. त्यांना काय सांगायचं होतं ते कळलं, मला काय विचारायचं होतं ते राहून गेलं."

केतकी माझ्या धाकट्या बहिणीची, कुमुदची मुलगी. कुमुद जाऊन नऊ वर्षं झाली. केतकी आता एक्केचाळीसची आहे, सांगलीत एका शाळेत भूगोल शिकवते. तिच्या यकृतात जन्मापासून एक दोष आहे. ते ऑक्झलेट फार बनवतं. ऑक्झलेट म्हणजे काही भयंकर विष नव्हे. अळूच्या पानांनी घसा खवखवतो तो त्याच्यामुळेच. आपल्या सगळ्यांच्या शरीरात ते थोडं तयार होतं आणि लघवीवाटे निघून जातं. केतकीच्या शरीरात इतकं तयार होतं की त्याचे खडे बनतात आणि किडनीत रुतून बसतात. तिच्या किडन्या आता एकोणीस टक्के काम करत होत्या. यकृतालाच आवर घालणारी इंजेक्शनं निघून बरीच वर्षं झाली, पण तिच्या प्रकारच्या दोषावर ती चालत नाहीत.

मी पुस्तिका चाळली आणि सांगितलं, "तुझ्या आतड्यात एक कारागीर सोडणार आहेत, म्हणजे एक एन्झाइम. रक्तातलं ऑक्झलेट आतड्यात झिरपतं, तिथं तो त्याचे तुकडे करेल. पोटातल्या आम्लात तो मरू नये म्हणून त्याला जाड अंगरखा घातलाय. गोळी रोज घ्यायची, जन्मभर."

"चार झाली," केतकी म्हणाली. "आणि एकातही 'बहुधा' नाही. तुझी तब्येत बरी आहे ना?"

तिचा नवरा निनाद आतून हसला. तो तासगावला द्राक्षांच्या शीतगृहात मॅनेजर आहे. त्या दिवशी रजा काढून घरी होता आणि हॉस्पिटलची बॅग भरत होता. त्या घरात असं हसू मी कित्येक महिन्यांनी ऐकत होतो.

मी पुस्तिका घेऊन दोन गल्ल्या सोडून असलेल्या माझ्या घरी आलो. मागच्या परिशिष्टात एन्झाइमची सगळी अक्षरं छापली होती, ती मला वाचायची होती. लोक शब्दकोडी सोडवतात, तसा हा माझा विरंगुळा.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. मणी वीस प्रकारचे, प्रत्येकाला एक रोमन अक्षर. माळ आपोआप गुंडाळली जाते, तिला आकार येतो आणि आकारावरून तिचं काम ठरतं. माळेतले काही भाग असे असतात की ते स्वतंत्रपणे गुंडाळले जातात, आणि निसर्ग ते पुन्हा पुन्हा वापरतो. एका जनुकाची प्रत निघते, प्रतीत बदल होत जातात, आणि कोट्यवधी वर्षांनी एकाच पूर्वजाचे शेकडो वंशज वेगवेगळी कामं करताना सापडतात. अशा वंशजांना शोधून एकाखाली एक मांडायचं, कोण कुणाचा भाऊ, कोण चुलत, कोण उगाच सारखा दिसणारा परका, हे ठरवायचं, ही माझी नोकरी होती. पुण्याच्या एका संस्थेत मी एकतीस वर्षं तेवढंच केलं. जवळच्या नातलगांचं एक घराणं करायचं, आणि दूरची घराणी एका गोत्राखाली ठेवायची. अशी पद्धत होती.

ऑक्झलेट तोडणाऱ्या एन्झाइमचा आकार दोन छोटी पिंपं शेजारी जोडावीत तसा असतो. या पिंपांचा वंश अफाट आहे. जिवाणूंत आहे, बुरशीत आहे, अंकुरणाऱ्या गव्हात आहे. आणि तो शेंगांच्या दाण्यांतही आहे. वाटाणा, सोयाबीन, शेंगदाणा यांच्या दाण्यात रोपासाठी शिदोरी म्हणून जे प्रथिन साठवलेलं असतं, तेही हीच दोन पिंपं. त्या शाखेनं कधीतरी काम सोडलं. ती आता काही तोडत नाही, नुसती दाण्यात बसून राहते. मात्र टिकाऊ अशी की भाजलं, शिजवलं, पोटातल्या आम्लात बुडवलं तरी लवकर मोडत नाही.

त्वष्टाला हे टिकाऊपण हवं होतं. त्वष्टा ही औषधी एन्झाइमं रचणारी संगणक-यंत्रणा. एकेका रोग्यासाठी वेगळं एन्झाइम अकरा दिवसांत रचून देते. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'पचनात टिकण्यासाठी पृष्ठभागावर चौदा बदल.' मी चौकटीच्या वहीत पेन्सिलनं पिंपाची आकृती काढली आणि ती चौदा अक्षरं तिच्यावर लावत गेलो. माळेत ती एकमेकांपासून लांब लांब होती. पण माळ गुंडाळल्यावर त्यातली अकरा एकाच बाजूला, एका ठिगळासारखी जवळ आली.

ते ठिगळ मी ओळखलं. शेंगदाण्याच्या प्रथिनावर अगदी तसंच असतं.

केतकी पाच वर्षांची असताना आमच्याकडे आली होती. उपवासाचा दिवस होता. माझ्या बायकोनं तिला चमचाभर साबुदाण्याची खिचडी भरवली आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजून तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तिला स्कूटरवर मधे धरून आम्ही डॉक्टरकडे पळालो. तिच्या घरात आजही शेंगदाण्याचं कूट येत नाही; भाजीला खोबरं नाहीतर तीळ.

मी पुस्तिकेचं सव्विसावं पान काढलं. 'शेंगदाणा-ॲलर्जी: तपासली. धोका नाही.' खाली बारीक अक्षरात तपासणीची रीत होती. दोन चाळण्या. पहिल्या चाळणीत अक्षरांच्या सलग ओळी ताडून बघतात. आपली चौदा अक्षरं विखुरलेली, त्यामुळे ती त्यातून सुटणारच. दुसऱ्या चाळणीत गुंडाळलेला आकार ताडतात. शरीर माळ वाचत नाही, ते आकार चाचपतं, म्हणून खरी चाळणी ही. पण जगात ज्ञात आकार कोट्यवधी आहेत. सगळ्यांशी तुलना परवडत नाही. त्वष्टा फक्त त्या एन्झाइमच्या स्वतःच्या गोत्रातले आकार ताडतो.

आणि शेंगदाणा त्या गोत्रात नव्हता. मीच त्याला बाहेर काढलं होतं.

२००९ साल. या वंशाची मांडणी माझ्याकडे होती. दाण्यांतल्या प्रथिनांना लांब विस्कळीत शेपट्या होत्या. त्यांना इतरांच्या ओळीत बसवलं की मांडणीत पानभर रिकाम्या जागा पडायच्या. आमच्या धंद्यात मांडणी नेटकी दिसणं ही अब्रूची गोष्ट होती; फाटक्या मांडणीवरून चहाच्या वेळी टोमणे बसत. मी त्यांना वेगळं घराणं दिलं. तेवढ्यानं बिघडलं नसतं. पण गोत्र एक ठेवलं तर त्या शेपट्यांचं स्पष्टीकरण लिहावं लागणार होतं, म्हणून मी गोत्रही वेगळं दिलं. काम करणारे एकीकडे, शिदोरी होऊन बसलेले दुसरीकडे. कुणी हरकत घेतली नाही. बत्तीस वर्षांत माणसांच्या हातून यंत्रांच्या हाती गेलेली ती मांडणी कुणी उघडूनही बघितली नसावी.

घड्याळात साडेतीन झाले होते.

मी तेव्हाच फोन करायला हवा होता. त्याऐवजी मी सगळं पहिल्यापासून पुन्हा मांडलं. दुसऱ्या वेळी अकराऐवजी नऊच अक्षरं जुळली. मग लक्षात आलं की एक ओळ सरकली होती. तिसऱ्या वेळी पुन्हा अकरा. मग मी स्वतःला सांगितलं की सोळा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माणूस पेन्सिलनं त्वष्टाची चूक काढतोय. मग चहा केला. मग एक ईमेल लिहिली आणि पुसली.

सहाला मी हेमांगीला फोन लावला.

हेमांगी शिरगुप्पे एके काळी माझ्या हाताखाली पीएचडी करत होती. आता ती कागलजवळच्या, ही एन्झाइमं रचणाऱ्या केंद्राची प्रमुख आहे.

"सर? तुम्ही फोन केलात?" तिला खरंच नवल वाटलं असावं.

मी सांगितलं, फार वाईट सांगितलं, शेवट आधी आणि सुरुवात मधेच. ती ऐकत राहिली. मग कळफलकाचा आवाज आला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "त्या गोत्रात त्वष्टा गेलेलाच नाही. मी आता हातानं तुलना लावते. फोन ठेवू नका." चार-पाच मिनिटं गेली. "शून्य पूर्णांक एक्केचाळीस. पन्नासच्या वर गेलं तर धोका धरतात."

"म्हणजे धोका नाही."

"म्हणजे नियमाच्या लेखी नाही. सर, तुम्हाला खात्री आहे?"

मी वहीतली अकरा अक्षरं पुन्हा मोजली. ती हळूच म्हणाली, "२०१३ ला तुम्हाला खात्री होती."

तिच्या प्रबंधात तिनं दाखवलं होतं की मातीतल्या एका जिवाणूचं एन्झाइम दोन वेगळी कामं करतं. मी म्हणालो होतो, नमुना अशुद्ध आहे, पुन्हा कर. तिची दोन वर्षं गेली. तेवढ्यात दुसऱ्या देशातल्या कुणीतरी तेच छापलं. आम्ही त्यावर कधीच बोललो नव्हतो.

"तेव्हा मी चुकलो," मी म्हणालो. "तुला सांगायचं राहून गेलं."

"अठ्ठावीस वर्षं राहून गेलं," ती म्हणाली. "असू दे. तेव्हा खात्री होती आणि चुकलात. आता खात्री नाही. हे मी कुठल्या रकान्यात भरू?"

मग ती भराभर बोलायला लागली. केतकीचं रक्त त्या एन्झाइमला कसं वागवतं हे बघता येईल, पण त्यासाठी शुद्ध नमुना लागतो. तो पुण्याच्या भांडारात सीलबंद, भांडार सकाळी सातला उघडतं. कागलला पोचेपर्यंत अकरा, उत्तर यायला तीन.

"मग डोस तीननंतर द्या."

"तेच होत नाही. केतकीचा पहिल्या मोठ्या डोसचा साठा गोठवलेला आहे, रोजच्या गोळ्या नंतरच्या. तो वितळायला अठरा तास लागतात, आणि वितळल्यावर दोन तासांत घ्यावा लागतो. उद्या बारानंतर तो टाकून द्यायचा. रचना अकरा दिवसांत होते, पण साठा बनवायला रांग आहे; नवा साठा म्हणजे पुढची पाळी, सात महिने." ती थांबली. "आज चारला वितळायला ठेवलाय सर. तुम्हाला कधी लक्षात आलं?"

"साडेतीनला," मी म्हणालो.

पलीकडे पुन्हा कळफलकाचा आवाज सुरू झाला.

"मी एक्केचाळीसवर काही थांबवू शकत नाही," ती म्हणाली. "पण ज्यानं घराणं मांडलं त्याचा आक्षेप चालतो. त्यानं लेखी दिलं की ते औषध तिथल्या तिथे थांबतं. जुना नियम आहे, मांडणारे फारसे कुणी उरले नाहीत म्हणून कुणाला आठवत नाही. तुम्ही आहात."

बुधवारी सकाळी आठला मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये केतकीचं रक्त काढून कागलला पाठवलं. ते कशासाठी हे मी तिला आणि निनादला तिच्या खोलीतच सांगितलं. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. केतकी पलंगावर मांडी घालून ऐकत होती. निनाद उभा होता.

किडनीचे डॉक्टर मुजावर साडेनऊला आले. त्यांना हेमांगीनं कळवलं होतं.

"काका, अशा रिॲक्शन्स आम्ही महिन्यात चार बघतो," ते म्हणाले. "ॲड्रेनलिनची सुई भरून खिशात ठेवतो. घसा सुजला की देतो. दहा मिनिटांत माणूस उठून बसतो."

"शेंगदाणा खाल्ला तर," मी म्हणालो. "ही गोळी आतड्यात दहा-बारा तास सुटत राहणार. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे. एक सुई किती वेळ पुरेल? आणि मधे रक्तदाब पडला तर एकोणीस टक्क्यांच्या किडन्या..."

डॉक्टरांनी खिशातून हात बाहेर काढला. "रक्तदाब पडला तर त्या गेल्या," ते म्हणाले. "तो मुद्दा आहे खरा."

"मुद्दा असेल," निनाद म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला त्याची भीती वाटली. "पण सात महिने म्हणजे काय हे इथं कुणी बोलत नाहीये. डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मामा, तिची मोठी बहीण त्यातच गेली, तुम्ही तिथं होतात. आणि कशासाठी? यंत्र म्हणतं धोका नाही. तुमच्या हेमांगीबाईंचा आकडा म्हणतो नाही. डॉक्टर म्हणतात सांभाळू. आहे म्हणणारे फक्त तुम्ही. आणि तुम्हालाही खात्री नाही."

"नाही," मी कबूल केलं.

"डॉक्टर, मीच नको म्हणाले तर?" केतकीनं विचारलं.

"मग तुम्ही उपचारातून माघार घेतली असं धरतात. यादीत नाव शेवटी जातं. अडीच वर्षं. आक्षेपानं थांबलं तर पाळी राहते, सात महिन्यांवर."

"म्हणजे थांबवायचं असेल तर मामानंच."

"हो."

डॉक्टर गेले. जाताना त्यांनी आक्षेपाचा फॉर्म टॅबवर उघडून तो टॅब माझ्या मांडीवर ठेवला. दहा वाजून पाच मिनिटांनी साठा खोलीत आला, पांढऱ्या डब्यात, बाहेर तापमानाचा हिरवा आकडा. निनाद त्या डब्याजवळ जाऊन उभा राहिला.

"ती मांडणी करताना तुझी चूक झाली होती?" केतकीनं मला विचारलं.

"हो."

"कुणाला माहीत होतं?"

"नाही. मलाही काल कळली."

"सही केलीस तर सगळ्यांना कळेल."

"कळेल. त्याचं एवढं काही नाही."

"आणि तीन वाजता रक्ताचा निकाल उलटा आला तर?"

"तर तुझे सात महिने मी घालवले."

ती खिडकीकडे बघत राहिली. मी वाट बघत होतो की ती म्हणेल, कर सही. किंवा म्हणेल, नको. तिनं ते ओळखलं.

"मी सांगणार नाही मामा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर तू जन्मभर म्हणशील, केतकी म्हणाली म्हणून केलं. आईशी तू असंच करायचास. लग्नसुद्धा तिनं सांगितलं म्हणून केलंस."

"केतकी," निनाद म्हणाला.

"नाही, त्याला ठरवू दे. एकदा तरी."

अकरा वाजले. सिस्टर येऊन बघून गेली. "सव्वाअकराला देऊ या?" तिनं विचारलं. निनादनं माझ्या मांडीवरच्या टॅबकडे बघितलं. सव्वाअकराला ती पुन्हा आली.

मी फॉर्म भरायला घेतला. नाव, प्रल्हाद विष्णू ठोसर. घराण्याचा क्रमांक, जो मला अजून पाठ होता. मांडणीचं वर्ष. मग एक चौकट आली, 'निश्चिती, टक्के.' ती रिकामी सोडता येत नव्हती. मी बराच वेळ विचार करून प्रामाणिकपणे चाळीस लिहिलं. पडदा लाल झाला. 'पन्नासपेक्षा कमी निश्चितीचा आक्षेप ग्राह्य नाही.'

अकरा सत्तावीस. निनाद माझ्या खांद्यावरून बघत होता.

"बघा," तो म्हणाला. "तेही तेच सांगतंय."

एकावन्न लिहिलं असतं तर काम झालं असतं. पण ते खोटं ठरलं असतं, आणि खोटं लिहून मी तिचे सात महिने घेऊ शकत नव्हतो. मी फॉर्म मिटणार होतो. मिटायच्या आधी सवयीप्रमाणे वरचा मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी तो नीट वाचलाच नव्हता. तिथं औषधानं अपाय होईल का, असा प्रश्नच नव्हता. 'सदर मांडणी चुकीची आहे, याबाबत आक्षेपकाची निश्चिती.'

मांडणी चुकीची होती का? ती पिंपं एका वंशातली होती. मला २००९ सालीही ते माहीत होतं. पानभर रिकाम्या जागा नकोत म्हणून मी ती तोडली. यात 'बहुधा' म्हणावं असं काहीच नव्हतं.

मी शंभर लिहिलं आणि सही केली.

पांढऱ्या डब्यावरचा हिरवा आकडा गेला आणि तांबडा दिवा लागला. सिस्टर आत आली, तिनं डबा उचलला आणि घेऊन गेली. निनाद तिच्या मागोमाग बाहेर गेला. केतकी आडवी झाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतरचे साडेतीन तास मी व्हरांड्यात बसून काढले. बाराला उन्हं पायाशी होती, दोनला ती भिंतीवर गेली. माझा सगळा जीव आता एका विचित्र इच्छेत अडकला होता. निकाल वाईट यावा असं मला वाटत होतं. केतकीच्या रक्तात ती ॲलर्जी निघावी, म्हणजे मी वाचेन. मग त्या विचाराची शिसारी आली. मग पुन्हा तोच विचार.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"सर, बसलाय ना?" हेमांगी म्हणाली. "पेशी भडकल्या. शेंगदाण्याला जेवढ्या भडकतात, जवळजवळ तेवढ्याच. एन्झाइम हजारपट विरळ करूनही. मी दोनदा केलं. तिनं गोळी घेतली असती तर..."

"बरं," मी म्हणालो. हा शब्द तोंडातून का निघाला कळत नाही.

निनाद व्हरांड्याच्या टोकाला उभा होता. मी त्याच्याकडे चालत गेलो आणि सांगितलं. तो भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला.

"साडेअकराला मी तो टॅब तुमच्या हातातून हिसकावणार होतो," तो म्हणाला. "हात पुढे केला होता. तुम्ही वाचत होतात, तुम्हाला दिसला नाही."

मग तो उठला आणि आम्ही दोघं खोलीत गेलो. केतकीला मीच सांगितलं. ती उठून बसली. "सात महिने," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी बरोबर ठरलो होतो, आणि चूक ठरल्यावर जसं वाटलं असतं तसंच मला वाटत होतं. निनादनं तिचा हात धरला. मी स्टुलावर बसून राहिलो, कारण जावं की थांबावं हे कळेना.

फोन पुन्हा वाजला.

"सर, अजून एक आहे," हेमांगी म्हणाली. ती चालत बोलत असावी, धाप लागली होती. "तोच अंगरखा त्वष्टानं दुसऱ्या एका गोळीला वापरलाय. कोरडी, सौम्य गोळी, ज्यांच्या किडन्या अजून धडधाकट आहेत त्यांच्यासाठी. ते पहिला डोस घरीच घेतात. नऊ जणांकडे ह्या आठवड्यात पार्सल पोचलंय. आज रात्रीच्या जेवणानंतर सुरू करायचं अशी सूचना आत आहे."

"त्यांना कळवलं?"

"सरकारी सूचना निघायला परवा उजाडेल. माझे लोक कागदपत्रांत अडकलेत. मी नावं बाहेर दिली तर माझ्यावर कारवाई होईल, ते मी बघते. चार मी करते. पाच तुम्ही. जमेल?"

मी ओळखीच्या माणसालाही फोन करायच्या आधी कागदावर वाक्यं लिहून घेतो. "पाठव," मी म्हणालो.

यादी आली. पाच नावं, पाच क्रमांक. परभणी, मालवण, जत, वणी, आणि एक सांगलीतलाच. मी पहिल्या क्रमांकाकडे बघत राहिलो. काय म्हणायचं? मी कोण म्हणून बोलायचं?

केतकीनं ओढणीनं डोळे पुसले. "काय आहे?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं हात पुढे केला.

"दे इकडे. फोन मी लावते, तू बोल. निनाद, तू खालची दोन घे. जेवायच्या आत व्हायला हवेत, म्हणजे आठाच्या आत."

निनादनं स्वतःचा फोन काढला.

केतकीनं परभणीचा क्रमांक लावला आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्या समोर धरला. बऱ्याच वेळानं एका पुरुषाचा आवाज आला. मागे गाड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी पाना मागत होतं.

"कोण बोलतंय?"

"मी प्रल्हाद ठोसर. तुम्ही मला ओळखत नाही."

"लोन नको आपल्याला."

"लोन नाही. ठेवू नका, प्लीज. तुमच्याकडे सोमवारी गोळ्यांचं एक पार्सल आलंय. त्या गोळीच्या कामात माझी एक चूक झालेली आहे. फार जुनी. तुमच्या घरात शेंगदाण्याचा कुणाला त्रास होतो का?"

पलीकडे कुणालातरी गप्प राहायला सांगितल्यासारखं वाटलं. गाड्यांचे आवाज लांब गेले.

"गोळ्या मुलीच्या आहेत," तो माणूस म्हणाला. "तिला होतो. चिक्कीनं एकदा मरता मरता वाचली. का हो, काय झालं?"

"गोळी घेतली का तिनं?"

"माहीत नाही. डबा तिच्या आईकडे आहे. मी गॅरेजवर आहे."

"घर किती लांब आहे?"

"चालत दहा मिनिटं. गाडीनं दोन."

"गाडीनं जा," मी म्हणालो. "आणि फोन चालू ठेवा. मी इथंच आहे."